ध्वनिमुद्रित संवादाला पात्राचे ओठ जुळवताना

ॲनिमेशन शिकणाऱ्याने पात्र चालवले, पळवले, त्याच्याकडून एखादी वस्तू उचलून घेतली, की पुढचे काम त्याला बोलते करण्याचे असते. आवाज आधीच ध्वनिमुद्रित झालेला असतो आणि चित्राला त्या आवाजाच्या मागे जावे लागते. हा आवाज याच पात्राच्या तोंडून निघतो आहे असे प्रेक्षकाला वाटले पाहिजे. या कामाला लिपसिंक म्हणतात. नवशिक्याची पहिली कल्पना बहुधा अशी असते की संवादातील प्रत्येक अक्षराला एक तोंड काढले म्हणजे काम झाले. तसे केल्यावर पात्र बोलताना दिसत नाही, त्याचे ओठ नुसते थरथरताना दिसतात. माझ्या मते चांगले लिपसिंक दोन गोष्टींवर उभे राहते : ओठ जिथे खरोखर मिटतात तिथे ते अचूक मिटले पाहिजेत, आणि जबड्याची उघडझाप बोलण्याच्या लयीशी जुळली पाहिजे. ओठांचे बारकावे, जीभ, दात हे सारे त्यानंतर येते, आणि पुढील पायऱ्याही याच क्रमाने मांडल्या आहेत.

बोलणे आपण डोळ्यांनीही ऐकतो, हे आधी लक्षात घ्यावे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात 'बा' हा आवाज 'गा' म्हणणाऱ्या चेहऱ्याच्या चित्रासोबत ऐकवला असता बऱ्याच लोकांना तिसराच, 'डा'सारखा उच्चार ऐकू आला. चुकीचे तोंड काढले तर ते फक्त विसंगत दिसत नाही, ते चांगल्या नटाचा स्वच्छ उच्चारही प्रेक्षकाच्या कानात बिघडवू शकते. म्हणून हे काम दुय्यम मानून शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

पहिली पायरी : आवाज आणि फ्रेमचा वेग निश्चित करणे

संवादाचे ध्वनिमुद्रण शांत आणि कमीत कमी घुमणाऱ्या खोलीत करावे. आवाज घुमला तर प्रत्येक शब्दाच्या शेवटी त्याचे शेपूट मागे राहते आणि ओठ नेमके केव्हा मिटले हे ध्वनीच्या आलेखावरून, म्हणजे वेव्हफॉर्मवरून, ओळखता येत नाही. फाइल वेव्ह स्वरूपात आणि ४८ किलोहर्ट्झ दराने ठेवावी, कारण व्हिडिओसाठी हाच दर रूढ आहे. काम चालू असताना एमपी३ फाइल वापरू नये. त्या स्वरूपात रूपांतर होताना फाइलच्या आरंभी थोडी शांतता आपोआप जोडली जाते, आणि ती अगदी थोडी असली तरी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना ओठ व आवाज यांच्यात तफावत पाडू शकते. पार्श्वसंगीत मिसळलेला ट्रॅकही घेऊ नये. प्रत्येक पात्राचा संवाद स्वतंत्र ट्रॅकवर असावा.

कोणता टेक, म्हणजे एकाच संवादाच्या ध्वनिमुद्रणांपैकी कोणते, वापरायचा आणि दोन वाक्यांमध्ये किती थांबायचे हे ॲनिमॅटिकच्या, म्हणजे स्थिर रेखाटने आवाजाबरोबर लावून केलेल्या कच्च्या चित्रफितीच्या, टप्प्यावरच पक्के करावे. ओठांचे काम सुरू झाल्यावर संवादाच्या मधोमध अर्धा सेकंद जरी कापला, तरी त्यापुढची सगळी तोंडे सरकवावी लागतात.

फ्रेमचा वेगही, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दाखवायची हेही, याच वेळी ठरवावे आणि पुन्हा बदलू नये. चित्रपटासाठी सेकंदाला २४ फ्रेम हा प्रचलित वेग आहे, तर दूरचित्रवाणीसाठी प्रदेशानुसार २५ किंवा ३० च्या आसपासचा वेग वापरला जातो. मधेच वेग बदलला की काय होते ते एका हिशेबाने स्पष्ट होईल. सेकंदाला २४ फ्रेम धरून केलेल्या कामात दहाव्या सेकंदाचे तोंड २४० व्या फ्रेमवर असते. प्रकल्पाचा वेग २५ केला, तर ते तोंड त्याच क्रमांकावर राहते पण ९.६ व्या सेकंदालाच दिसते. आवाज मात्र दहाव्या सेकंदालाच येतो. दहा सेकंदांतच दहा फ्रेमची तफावत पडली. २४ आणि २३.९७६ यांतील फरक क्षुल्लक वाटतो, पण तोही एका मिनिटात जवळजवळ दीड फ्रेम इतका साचतो.

सॉफ्टवेअरमधील दोन-तीन सेटिंग्ज येथेच तपासून घ्याव्यात. ॲडोबी ॲनिमेटमध्ये टाइमलाइनवरील, म्हणजे फ्रेम क्रमाने मांडलेल्या पट्टीवरील, ध्वनीचा सिंक 'स्ट्रीम' या प्रकारचा असावा. तो 'इव्हेंट' असेल तर आवाज फ्रेमशी बांधलेला राहत नाही आणि टाइमलाइनवर पुढेमागे सरकताना ऐकू येत नाही. ब्लेंडरमध्ये प्लेबॅकच्या मेनूत आवाजाशी सिंक ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि ऑडिओ स्क्रबिंग, म्हणजे टाइमलाइनवर सरकताना आवाज ऐकवण्याची सोय, सुरू करावे, अन्यथा दृश्य जड झाले की चित्र मागे पडत जाते आणि आपण नसलेली चूक दुरुस्त करत बसतो.

दुसरी पायरी : संवाद ऐकणे आणि उच्चाराप्रमाणे लिहून काढणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचा बराचसा त्रास त्यामुळेच होतो. संवाद आधी नुसता ऐकावा. दुसऱ्यांदा ऐकताना वाक्याचा भार कोणत्या शब्दावर आहे, श्वास कुठे घेतला आहे, आवाज कुठे चढतो आणि कुठे खाली येतो, याच्या खुणा कागदावर कराव्यात. त्यानंतर आरशासमोर बसून तोच संवाद ध्वनिमुद्रणाबरोबर, त्याच वेगाने आणि त्याच भावनेने म्हणावा. सावकाश, अक्षर अक्षर सुटे करून म्हटलेले वाक्य फसवते. सावकाश बोलताना आपण प्रत्येक अक्षराला पूर्ण तोंड उघडतो, तर वेगात बोलताना निम्म्या अक्षरांना ओठ जागचे हलतही नाहीत. शक्य असल्यास ध्वनिमुद्रणाच्या वेळीच नटाच्या चेहऱ्याचे चित्रीकरण करून ठेवावे.

मग संवाद लिहून काढावा, पण जसा लिहितात तसा नव्हे, जसा ऐकू येतो तसा. मराठीत हा फरक बराच आहे. 'घर' या शब्दाच्या शेवटचा 'अ' उच्चारात नसतो, त्यामुळे 'र' नंतर तोंड पुन्हा उघडायचे कारण नाही. 'थांबला' हा शब्द कानाला 'थाम्ब्ला' असा येतो : अनुस्वाराचा 'म' आणि पुढचा 'ब' मिळून ओठांची एकच मिटणी होते आणि 'ब' नंतर मधे न थांबता 'ला' येतो. 'चार' मधला 'च' आणि 'चाक' मधला 'च' लिहायला एकच असले तरी उच्चाराला वेगळे आहेत. दुसऱ्यात जीभ वरच्या दातांपाशी येते आणि तोंड 'स'च्या जवळ जाते. 'फ' काही जण ओठ मिटून उच्चारतात, तर काही जण खालचा ओठ वरच्या दातांना लावून. येथे शब्दकोश उपयोगाचा नाही, नटाने काय केले आहे तेच ऐकावे लागते.

तिसरी पायरी : तोंडांचा संच तयार करणे

कानाला वेगळे वाटणारे अनेक उच्चार डोळ्यांना सारखेच दिसतात. 'प', 'ब' आणि 'म' यांतला फरक नुसत्या ओठांवरून सांगता येत नाही. अशा एकसारख्या दिसणाऱ्या उच्चारांच्या गटाला विझीम म्हणतात. ॲनिमेटरला उच्चारांची संख्या मोजायची नसते, या दृश्य गटांची मोजायची असते, आणि ती बरीच कमी भरते. मराठी संवादासाठी पुढील नऊ तोंडे पुरेशी आहेत असे मला वाटते.

पहिले तोंड पूर्ण मिटलेले, ओठांवर किंचित दाब असलेले. ते प, ब, भ, म यांसाठी. दुसरे विसाव्याचे, म्हणजे पात्र बोलत नसतानाचे. ही दोन वेगळी ठेवावीत, कारण 'म' म्हणताना ओठ दाबले जातात आणि गप्प असताना ते सैल असतात. तिसरे मोठे उघडे, 'आ'साठी. चौथे मध्यम उघडे, 'अ'साठी आणि ॲनिमेशन, बॅट यांसारख्या शब्दांतील स्वरासाठी. बोलण्यात सर्वांत जास्त वेळा हेच लागते. पाचवे कडांकडे ताणलेले, इ, ई आणि ए यांसाठी. सहावे गोल, ओ आणि ऑ यांसाठी. सातवे आवळलेला चंबू, उ आणि ऊ यांसाठी. आठवे दात जवळ आलेले व ओठ थोडे विलग असलेले, स, श, च, ज, त, द, न यांसारख्या व्यंजनांसाठी. नववे खालचा ओठ वरच्या दातांना टेकलेला, दंतोष्ठ्य 'फ'साठी. 'व'साठी याचेच सैल रूप वापरावे, कारण तेथे ओठ दाताजवळ येतो पण दाबला जात नाही. जीभ वर उचललेले 'ल'चे तोंड हवे असल्यास दहावे म्हणून काढावे. जवळून घेतलेल्या दृश्यात ते फार शोभते; दुरून घेतलेल्या दृश्यात कोणाच्या लक्षातही येत नाही.

क, ग, ह, ट, ड, ण, ळ यांना या यादीत स्थान नाही, आणि ते हेतुपुरस्सर आहे. या उच्चारांचे काम तोंडाच्या आत होते. बाहेरून दिसणारे ओठ त्या वेळी पुढच्या स्वराची तयारी करत असतात. 'किती' म्हणताना 'क'च्या क्षणीच ओठ ताणलेले असतात आणि 'कुठे' म्हणताना त्याच 'क'ला ते आवळलेले असतात. आरशात पाहिले तर 'सीमा' आणि 'सूर' या शब्दांतील 'स' सुद्धा सारखे दिसत नाहीत. उच्चार एकमेकांत असे मिसळतात म्हणूनच अक्षराला एक तोंड हा हिशेब फसतो. ज्या व्यंजनाला ओठांची गरज नाही त्याने पुढच्या स्वराचे ओठ उसने घ्यावेत, हा नियम पाठ करून ठेवण्याजोगा आहे.

तोंडे काढताना शरीररचनेची एक गोष्ट विसरू नये. वरचे दात कवटीला पक्के असतात आणि फक्त खालचा जबडा हलतो. त्यामुळे कुठल्याही तोंडात वरच्या दातांची जागा नाकाच्या संदर्भात बदलता कामा नये. तोंड उघडते तेव्हा हनुवटी खाली जाते आणि गाल थोडे लांबतात. चेहऱ्याची बाह्यरेषा स्थिर ठेवून तिच्या आत नुसते भोक लहानमोठे केले, तर तोंड चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसते. कटआउट पद्धतीच्या, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या, पात्रात निदान हनुवटीचा थर वेगळा ठेवून तो 'आ'ला थोडा खाली सरकवावा. चेहरा समोरून, तिरका आणि बाजूने दिसणार असेल तर प्रत्येक कोनासाठी संच निराळा लागतो. तसेच हसऱ्या आणि दुःखी मनःस्थितीसाठी ओठांच्या कडा वर-खाली केलेले दोन उपसंच काढून ठेवले, तर पुढे फार वेळ वाचतो.

तोंडांची संख्या वाढवण्याचा मोह आवरावा. जपानमधील दूरचित्रवाणी ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा चित्र आधी होते व आवाज नंतर नोंदला जातो. तेथे मिटलेले, अर्धे उघडे आणि उघडे अशा तीनच तोंडांवर पात्रे बोलतात आणि प्रेक्षक त्यांच्यात गुंतून जातात. बारीक आकारांपेक्षा उघडझापेची लय किती महत्त्वाची आहे, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

चौथी पायरी : डोप शीट भरणे

डोप शीट म्हणजे फ्रेमवार तक्ता. उभ्या स्तंभात फ्रेमचे क्रमांक असतात आणि त्यांच्या शेजारी त्या त्या फ्रेमला कोणता उच्चार ऐकू येतो व कोणते तोंड दाखवायचे हे लिहिलेले असते. संगणकावर काम करताना तक्ता कशाला, असे वाटेल. माझा सल्ला असा की निदान सुरुवातीची काही वाक्ये तरी कागदावर मांडावीत, कारण आवाजाचे माप हाताने लिहिल्याशिवाय ते डोळ्यांत बसत नाही.

'आई, पाऊस थांबला का?' हे वाक्य घेऊ. ते सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगात सुमारे दोन सेकंदांत बोलले गेले आहे असे समजू. टाइमलाइनवर सावकाश पुढेमागे सरकत उच्चारांच्या जागा टिपल्यावर तक्ता साधारण असा होईल : 'आ' १ ते ५, 'ई' ६ ते १०, विराम ११ ते १६, 'प'ची मिटणी १७ व १८, 'आ' १९ ते २२, 'ऊ' २३ ते २६, 'स' २७ ते २९, 'थ' ३० व ३१, 'आ' ३२ ते ३४, 'म्ब'ची मिटणी ३५ ते ३७, 'ला' ३८ ते ४२ आणि 'का' ४३ ते ५०.

वेव्हफॉर्मवर काही जागा लगेच ओळखू येतात. 'प' आणि 'ब' यांच्या आधी ओठ मिटलेले असताना आलेख क्षणभर बसतो आणि ओठ सुटताच उसळतो. 'स'चा आलेख दाट आणि खरखरीत दिसतो. स्वर रुंद आणि उंच असतात. तरीही अंतिम निर्णय कानाने करावा.

आता तोंडांचा स्तंभ भरताना नुसते उच्चार उतरवून काढू नयेत. विरामाच्या सहा फ्रेममध्ये तोंड आधी विसाव्याच्या स्थितीत आणि मग 'प'साठी मिटलेल्या स्थितीत नेले, तर पाव सेकंदात दोन हालचाली होतात आणि ओठ वळवळतात. त्यापेक्षा ११ व १२ या फ्रेमवर 'ई' सैल करून १३ पासून १८ पर्यंत ओठ मिटलेलेच ठेवावेत. विरामही दिसतो आणि 'प'ची तयारीही होते. 'स' आणि 'थ' यांना एकच दातांचे तोंड २७ ते ३१ पर्यंत पुरते. 'ला' आणि 'का' या दोन्हींत 'आ' आहे, पण ते एकाच आकाराचे ठेवू नयेत : 'ला'चा मध्यम, मग 'क'च्या क्षणी किंचित आकसलेला आणि प्रश्नाचा भार शेवटी येतो म्हणून 'का'चा सर्वांत मोठा. ५० नंतर तोंड एका फ्रेममध्ये फटकन मिटवू नये. पाच-सहा फ्रेम घेऊन ते हळूहळू मिटवावे, कारण पात्र उत्तराची वाट पाहत आहे. अशा रीतीने मिटलेले, उघडे, ताणलेले, चंबू आणि दातांचे अशा पाच मूळ आकारांत आणि त्यांच्या लहानमोठ्या रूपांत सगळे वाक्य बसले.

पाचवी पायरी : आधी देह, मग जबडा, मग ओठ

तक्ता भरला तरी लगेच तोंडे लावायला घेऊ नये. आवाज बंद असतानाही पात्र काय म्हणते आहे याचा अंदाज त्याच्या उभे राहण्यावरून, मानेवरून, भुवयांवरून आणि डोळ्यांवरून आला पाहिजे. तेवढे साधले की ओठांतली लहानसहान उणीव झाकली जाते. वाक्याचे मुख्य पोझ आधी बसवावेत. भार ज्या शब्दावर आहे त्याच्या काही फ्रेम आधी मानेची हालचाल सुरू व्हावी, म्हणजे देह शब्दाला पुढे ढकलतो आहे असे वाटते. लांब वाक्याआधी श्वास घेताना तोंड थोडे उघडावे व छाती वर यावी. पापणी विचार बदलतो तिथे लवावी. ठरावीक अंतराने लवणारी पापणी यांत्रिक दिसते. प्रत्येक शब्दाला मान डोलावण्याची सवय मात्र सुरुवातीपासूनच टाळावी. दोन सेकंदांच्या वाक्याला एक ठळक हालचाल सहसा पुरते.

त्यानंतर फक्त जबडा घ्यावा. ओठांचा आकार एकच ठेवून तोंड किती उघडे आणि किती बंद एवढेच सगळ्या वाक्यासाठी करावे. या टप्प्यावर वाक्य चालवून पाहिले तर ते ओबडधोबड असूनही आवाजाशी जुळलेले वाटले पाहिजे. तसे वाटत नसेल तर पुढे ओठांचे काम करून काही उपयोग नाही, लयच चुकली आहे. हे जमले की दुसऱ्या फेरीत रुंदी घालावी, म्हणजे कुठे ओठ ताणले आहेत आणि कुठे आवळले आहेत. तिसऱ्या फेरीत मिटण्या पक्क्या कराव्यात आणि जीभ व दात अगदी शेवटी.

त्रिमितीय पात्राच्या बाबतीत हा क्रम फारच सोयीचा ठरतो. तेथे ओठांचे आकार शेप की किंवा ब्लेंडशेप म्हणून साठवलेले असतात आणि प्रत्येकाची मात्रा शून्यापासून पूर्णापर्यंत बदलता येते. जबड्याची मात्रा आणि ओठांच्या रुंदीची मात्रा स्वतंत्र असेल तर वरील फेऱ्या निरनिराळ्या वक्रांवर करता येतात. एक धोका लक्षात ठेवावा : सॉफ्टवेअर दोन कीफ्रेममधला, म्हणजे आपण हाताने ठरवलेल्या दोन स्थितींमधला, प्रवास आपोआप गुळगुळीत करते आणि त्या नादात मिटणी अर्धवट राहते, ओठ एकमेकांना टेकतच नाहीत. मिटणीच्या पहिल्या व शेवटच्या फ्रेमवर दोन्हीकडे कीफ्रेम देऊन ओठ पूर्ण टेकल्याची खात्री करावी. द्विमितीय कामात तोंडांची अदलाबदल होत असल्याने हा प्रश्न येत नाही, पण उलटा येतो : मोठ्या 'आ'वरून एकदम चंबूवर गेल्यास धक्का बसतो. मधे एक अर्धे उघडे तोंड घालावे.

सहावी पायरी : वेळ नेमकी बसवणे

आता तोंड आवाजाच्या नेमक्या फ्रेमवर असावे की थोडे आधी, हा प्रश्न उरतो. ॲनिमेटरांचा जुना संकेत असा की चित्र एक-दोन फ्रेम आधी चालेल, आवाजाच्या मागे मात्र राहू नये. यामागे ठोस कारण आहे. प्रत्यक्ष बोलतानाही ओठ आधी जागेवर येतात आणि उच्चार नंतर फुटतो. शिवाय प्रकाश ध्वनीहून कितीतरी वेगवान असल्याने दूरच्या गोष्टी आपल्याला आधी दिसून मग ऐकू येतात, त्यामुळे उशिरा येणारा आवाज फारसा खटकत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या प्रसारणविषयक शिफारशीत, बीटी.१३५९ मध्ये, हाच कल आकड्यांत दिसतो : आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी तफावत जाणवू लागते, पण तो मागे पडला असेल तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत ती जाणवत नाही. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगात एक फ्रेम जवळजवळ ४२ मिलिसेकंदांची असते. याचा अर्थ तोंड एका फ्रेमहून अधिक उशिरा आले की ते खटकू लागते, तर तीन फ्रेम आधी आलेले बहुधा खपून जाते.

म्हणून सगळे वाक्य जागच्या जागी बसवावे आणि मग तोंडांचा पूर्ण थर एक फ्रेम मागे, म्हणजे आवाजाच्या आधी, सरकवून पाहावा. जे अधिक चांगले दिसेल ते ठेवावे. मिटण्यांच्या बाबतीत मात्र वेगळी काळजी घ्यावी. 'प' किंवा 'ब' यांत ओठ सुटण्याची फ्रेम आवाज फुटण्याच्या फ्रेमशी जुळली पाहिजे. मिटणी लवकर सुरू झालेली चालते, लवकर सुटलेली चालत नाही.

कोणतेही तोंड एकच फ्रेम दाखवू नये. एका फ्रेमचा आकार डोळ्यांना वाचता येत नाही, तो फक्त लुकलुकतो. दोन फ्रेम ही किमान मर्यादा मानावी. घाईच्या बोलण्यात मिटणीला एकच फ्रेम मिळत असेल, तर आधीच्या स्वरातून एक फ्रेम काढून ती मिटणीला द्यावी. जागा अपुरी पडते तेव्हा काय गाळायचे याचा क्रम ठरलेला असावा : आधी आतली व्यंजने, मग भार नसलेले स्वर. मिटणी कधीही गाळू नये, आणि दंतोष्ठ्य 'फ' व चंबूही शक्यतो गाळू नयेत, कारण प्रेक्षकाला अगदी नकळत या जागांची अपेक्षा असते.

स्वराच्या आतही थोडे चढउतार हवेत. भाराच्या 'आ'ला तोंड पहिल्या दोन फ्रेममध्ये सर्वांत जास्त उघडावे आणि उरलेल्या फ्रेममध्ये ते थोडे थोडे कमी करत आणावे. लांबवलेला स्वर एकाच आकारात गोठवून ठेवला तर पात्र तेवढ्यापुरते निर्जीव होते.

सातवी पायरी : स्वयंचलित साधनांची मदत घेणे

ध्वनी ऐकून तोंडे आपोआप लावणारी साधने आता सहज उपलब्ध आहेत. टून बूम हार्मनी आणि ॲडोबी ॲनिमेट यांत ही सोय अंगभूत आहे. ऱ्हुबार्ब लिप सिंक हे मोफत आणि मुक्त स्रोत साधन ए ते एफ ही सहा मूळ तोंडे आणि जी, एच, एक्स ही तीन ऐच्छिक तोंडे वापरून वेळांची यादी तयार करून देते. मराठी संवादासाठी ते वापरताना त्यातील इंग्रजीसाठीचा मूळ ओळखक बदलून 'फोनेटिक' हा पर्याय निवडावा. तो कोणत्याही विशिष्ट भाषेचे शब्द गृहीत धरत नाही. या साधनांचा निकाल मी पहिला खर्डा म्हणून स्वीकारेन, त्याहून अधिक नाही. ती बहुतेक जागी तोंड बदलतात, पण कोणत्या शब्दावर भार आहे, पात्र ओठ दाबून बोलते आहे की रडवेले झाले आहे, हे त्यांना कळत नाही. खर्डा मिळाल्यावर मिटण्या एकेक करून तपासाव्यात, एका फ्रेमची तोंडे काढून टाकावीत आणि भाराचे स्वर हाताने मोठे करावेत. अगदी पहिली काही वाक्ये मात्र या मदतीशिवायच करावीत. स्वतः तक्ता भरलेला नसेल तर साधनाने केलेली चूक ओळखता येत नाही.

आठवी पायरी : तपासणी

तपासताना तारेचे हेडफोन किंवा थेट जोडलेले स्पीकर वापरावेत. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि तो उशीर कित्येक फ्रेमचा असू शकतो. त्यावर विसंबून तोंडे सरकवली तर बरोबर असलेले काम बिघडते. दृश्य एक्सपोर्ट करूनच पाहावे, कारण सॉफ्टवेअरमधील प्लेबॅक प्रत्येक वेळी पूर्ण वेगाने चालेलच असे नाही.

पहिल्यांदा पाहताना फक्त ओठांकडे पाहू नये, पात्राच्या डोळ्यांकडे पाहावे. प्रेक्षकही तिथेच पाहणार आहे. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावे आणि तोंडांची लय बोलण्यासारखी वाटते का हे बघावे. तिसऱ्यांदा फक्त मिटण्यांवर लक्ष ठेवावे. ज्या जागी काहीतरी खटकते पण कारण सापडत नाही, तेथे तोंडे वाढवण्याआधी एखादे कमी करून पाहावे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होते. शेवटी हे दृश्य संवाद माहीत नसलेल्या एखाद्या व्यक्तीला दाखवावे, ओठांविषयी काहीही न विचारता पात्र काय म्हणाले एवढेच विचारावे, आणि ज्या शब्दाला ती व्यक्ती अडखळेल त्या शब्दाच्या फ्रेम पुन्हा उघडाव्यात.